पिवळ्या कागदावरचा शिक्का

मास्तरांच्या हातात चहाचा दुसरा कप आला आणि दारावरची बेल वाजली. शाळेतली चित्रकलेची नोकरी संपल्यापासून दुसरा कप त्यांना कधी सुखानं मिळालाच नव्हता. कारण त्यांची नोकरी संपली आणि बायकोची दुसरी सुरू झाली. बाईंनी पंचवीस वर्षं करखात्यात लोकांची बिलं तपासली होती, आता त्या खाजगी तपास करत. दारावर पाटी नव्हती, तरी अडलेली माणसं बरोबर पत्ता काढत यायची.

आज आलेली मुलगी नर्सच्या कपड्यांतच होती, रात्रपाळी संपवून आलेली.

“आज संध्याकाळी पाच वाजता माझ्या वडिलांना पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत,” खुर्चीत टेकायच्या आत ती म्हणाली. “आणि चूक माझी आहे.”

“चूक कोणाची ते शेवटी ठरवू,” बाई म्हणाल्या. “आधी काय गेलंय ते सांग.”

“चाळीस पंप.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. चाळीस पंप म्हणजे काही खिशात घालून नेण्यासारखी वस्तू नव्हे.

मुलीनं भराभर सांगितलं. तिचे वडील पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. येत्या शनिवारी ते निवृत्त होणार होते. किल्ल्या सोपवायच्या म्हणून काल माल मोजला, तर चाळीस पंप कमी. किल्ली अण्णांकडे, म्हणून चोरीही अण्णांची, असा सरळ निवाडा झाला. मालकांनी कागद पुढे ठेवला: ‘मीच माल नेला’ असं लिहून सही करा, विषय इथेच मिटवतो. नाहीतर आज पाचला पोलिस.

“सही केली?”

“नाही. एक शब्द बोलत नाहीत. सकाळी नेहमीसारखे कामावर गेले; मी येताना कारखान्यात डोकावले, तर स्टोअरबाहेर स्टुलावर बसलेत. एकतीस वर्षांत त्यांनी कामाच्या वेळेत किल्ली कोणाच्या हातात दिली नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी मी हट्ट केला, डोळे तपासायला ओढून नेलं. बुधवारची सकाळ. सोमवारीच रजा सांगितली होती. तेवढा एक अर्धा दिवस किल्ली ऑफिसात होती. काल ते एवढंच म्हणाले, काही झालं असेल तर तेव्हाच. नवा चष्मा आणलाय, त्याला हात लावत नाहीत. माझ्याशीही बोलत नाहीत.”

“मालकांना हे सांगितलंस?”

“सांगितलं. ते म्हणाले, त्या दिवशीची सगळी बिलं बघितली, सगळी चोख आहेत.”

“चोख,” बाईंनी तो शब्द जरा चघळला आणि चपला शोधायला उठल्या. “मास्तर, वही घ्या.”

मास्तरांनी वही घेतली. ती तपासाची वही नव्हतीच. बाई प्रश्न विचारत तोवर मास्तर समोरच्या वस्तू चितारत बसत. बाईंच्या मते त्यामुळे माणसं मोकळं बोलत. मास्तरांच्या मते त्यामुळे झोप लागत नसे.

कारखाना लांबट होता. पुढे गेट, मग ऑफिसच्या दोन खोल्या, मागे शेड आणि शेडच्या टोकाला स्टोअर. मालक उंच, घाईचे आणि दुखावलेले दिसले. एकतीस वर्षांच्या माणसावर आळ घेताना त्यांनाही सुख होत नव्हतं, हे मास्तरांना जाणवलं. पण म्हणून काही ते मागे हटणार नव्हते.

“बाई, तुम्ही करखात्यातल्या. तुम्हाला वेगळं काय सांगू,” ते म्हणाले. “माझ्या गेटमधून बिलाशिवाय टाचणी बाहेर जात नाही. सहा महिन्यांची फाइल आहे, एक बिल शिक्क्याशिवाय दाखवा. माल बाहेर गेलेलाच नाही गेटनं. मग तो आतूनच कुठेतरी मुरला. आत कोण असतं? अण्णा.”

“एक बिल शिक्क्याशिवाय दाखवायचं,” बाई म्हणाल्या. “बघू. पाचपर्यंत वेळ आहे ना?”

“पाच म्हणजे पाच.”

स्टोअरबाहेर अण्णा बसले होते. हाडकुळे, दोन्ही हात गुडघ्यांवर, मांडीवर मोठं रजिस्टर. मुलगी जवळ गेली तसं त्यांनी तोंड वळवलं नाही, पण वर पाहिलंही नाही. मास्तरांना फार वाईट वाटलं. चोरापेक्षा परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे ते दिसत होते.

“अण्णा, तुमचं रजिस्टर बघू?” बाईंनी विचारलं.

त्यांनी ते दोन्ही हातांनी पुढे केलं.

“माल देताना कशावरून लिहिता यात?”

“पिवळ्या प्रतीवरून.” बऱ्याच वेळानं बोलल्यासारखा आवाज होता. “बिल माझ्यासमोर येतं, मी नंबर उतरवतो, पेट्या मोजून देतो. मग प्रत गेटवर जाते.”

“आणि त्या बुधवारी?”

“मी दोनला आलो. मुकादमानं टेबलावर चिठ्ठी ठेवली होती. माझ्यामागे दोन बिलांचा माल गेला होता. दोनशे बावीस आणि दोनशे तेवीस. मी ते उतरवले.” त्यांनी बोट ठेवलं, पण डोळे बारीक करूनही ओळ नीट सापडेना. मुलीनं पर्समधून चष्म्याची डबी काढली, आणि त्यांचं तोंड बघून परत ठेवली.

बिलं जिच्या हातून निघत त्या ताई ऑफिसच्या पहिल्या खोलीत बसत. चाळिशीच्या, करारी, टेबलावर एकही कागद तिरका नाही. ताईंचा दरारा मोठा होता. दाराशी आलेला एक लोडर चपला नीट लावून आत आला, हे मास्तरांनी पाहिलं.

“तीन प्रती निघतात,” ताई म्हणाल्या. “पांढरी गिऱ्हाइकाला. गुलाबी ड्रायव्हरजवळ, रस्त्यात दाखवायला. पिवळी आपली. ती स्टोअरला जाते, मग मालाबरोबर गेटवर. गेटवर शिक्का आणि वेळ पडते आणि ती माझ्याकडे परत येते. दर शनिवारी मी गेटच्या रजिस्टरशी नंबर ताडून बघते. एक जरी पिवळा कागद कमी आला, तर तो आणून देईपर्यंत मी कोणाला सोडत नाही. विचारा कोणालाही.”

विचारायची गरज नव्हती. लोडर दाराशी उभ्या उभ्याच मान डोलावत होता.

बाईंनी फाइल पुढे ओढली. दोनशे एकोणीस नंबरच्या बिलावर लाल रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं होतं.

“हे काय?”

“ते मंगळवारचं. नवीन गिऱ्हाईक होतं, पहिलीच ऑर्डर, चाळीस पंप. माल गेला, पोचला. बुधवारी अकरा वाजता त्यांचा फोन आला, की बिलावरचा जीएसटी नंबर आमचा नाही. नंबर चुकला की त्यांना भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून ते अडून बसले. मग मी ते रद्द करून साडेअकराला नवीन काढलं, दोनशे चोवीस. तोच माल, तेच दर, नंबर तेवढा बरोबर.”

बाईंनी पानं उलटली. दोनशे एकोणीस, पिवळी प्रत, गेटचा शिक्का, मंगळवार. दोनशे चोवीस, पिवळी प्रत, गेटचा शिक्का, बुधवार, बारा चाळीस. मग त्यांनी अण्णांचं रजिस्टर शेजारी उघडलं.

“अण्णांकडे दोनशे चोवीस नाही.”

“नसणारच,” ताई जरा चिडूनच म्हणाल्या. “काल मालकांनीही हेच विचारलं. चाळीस पंप अण्णांनी दोनशे एकोणीसवर दिले, ते त्यांच्याकडे लिहिलेले आहेत. दोनशे चोवीस हा नुसता बदललेला कागद.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या, आणि उगाचच हसल्या. मास्तरांना ते हसू माहीत होतं. घरात ते दिसलं की त्यांनी कुठेतरी काहीतरी विसरलेलं असायचं.

“चुकीचा नंबर तुमच्याकडून टाइप झाला?”

“माझ्याकडून?” ताई ताठ झाल्या. “बाई, एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कॉम्प्युटर लाल होतो, बिल पुढे सरकू देत नाही. चिठ्ठीवर होता तोच मी घातला. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर आत साठवलेले आहेत, नव्याचा चिठ्ठीवरूनच घ्यावा लागतो.”

“चिठ्ठी कुठाय?”

“बिल झालं की आठवड्यानं केरात. ऑर्डर मालकांचे मेहुणे घेतात, ते चिठ्ठी लिहितात. मग माल आहे की नाही बघायला ती मुकादमांच्या टेबलावर जाते. त्यांची खूण झाली की माझ्याकडे.”

“आणि नवीन बिल तुम्ही कोणाच्या हातात दिलंत?”

“हातात नाही, ट्रेमध्ये. कुरिअरचा माणूस येतो साडेबाराला. ट्रेमधलं पाकीट जो असेल तो देतो. दुपारी पिवळी प्रत परत आली, शिक्क्यासकट, मी फाइलला लावली.”

“स्टोअरची किल्ली तेव्हा तुमच्याकडे होती.”

“माझ्या ड्रॉवरमध्ये. सकाळी मेहुण्यांनी नेली, एका गिऱ्हाइकाला पंप दाखवायला, आणि दहा मिनिटांत आणून दिली. मग मुकादमांनी नेली माल भरायला, आणि दुपारी एक वाजता परत दिली.”

मेहुणे म्हणजे मालकिणीचे भाऊ. विक्री त्यांच्याकडे होती. गोरे, सुगंधी, आणि काळ्या पँटीवर गुडघ्यापर्यंत पांढरे केस. मास्तरांनी आपल्या परीनं लगेच ताडलं, घरात कुत्रा आहे. टेबलावर गाडीच्या किल्लीशेजारी पट्टाही पडला होता.

“नंबर मी बरोबरच लिहिला होता,” मेहुणे म्हणाले. “हा बघा, गिऱ्हाइकानं पाठवलेला मेसेज. यावरूनच उतरवला. ताईंचं काहीतरी झालं असेल. आणि हे काय उकरून काढताय? चाळीस पंपांशी त्याचा काडीचा संबंध नाही.”

“बुधवारी तुम्ही कुठे होतात?”

“बाहेर. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊन सव्वादहाला निघालो, चारला आलो. गेटवर लिहिलेलं असेल. आमच्याकडे मालकाचा मेहुणा असलात तरी सही केल्याशिवाय आत-बाहेर करता येत नाही.” हे सांगताना त्यांचा अपमान ताजा झाल्यासारखा दिसला.

मुकादम मात्र गोड माणूस निघाला. डिस्पॅचचं टेबल शेडच्या तोंडाशी होतं. त्यानं लगेच दोन खुर्च्या पुसून दिल्या, पंखा वळवला, चहा सांगितला. टेबल रुक्षच होतं: काटा, सुतळी, मार्कर, खिळ्यांचा डबा. एका कोपऱ्यात मात्र काचेचं भांडं होतं आणि त्यात एकच नारिंगी मासा गोल गोल फिरत होता. मास्तरांना हायसं वाटलं. काढण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

“अण्णा म्हणजे लाख माणूस,” मुकादम म्हणाला. “मी त्यांच्याकडूनच शिकलो. पण वय झालंय हो. डोळे गेलेत. कुठे मोजण्यात चूक झाली असेल, कोणी फायदा घेतला असेल.”

“त्यांच्यानंतर स्टोअर कोणाकडे?”

“माझ्याकडेच येतंय. म्हणून तर मी मालकांना म्हटलं, आधी मोजणी करू. उद्या माझ्या गळ्यात नको. रीतसर झालेलं बरं.”

“बुधवारी अण्णांसाठी चिठ्ठी तुम्ही लिहिलीत?”

“मीच. दोन बिलं गेली होती.”

“आठवणीत बरं राहिलं.”

“कामच आहे ते.” तो हसला, आणि माशाला चिमूटभर खाऊ टाकला.

गेटवरच्या वॉचमनला सगळे हवालदार म्हणत, ते त्याच्या मिशांमुळे. त्यानं रजिस्टर असं उघडलं की जणू तिजोरीच. माणसांची पानं वेगळी, मालाची वेगळी. बुधवारी मेहुण्यांची सही सव्वादहाला बाहेर, चारला आत. मालाच्या पानावर तीन ओळी: दोनशे बावीस, दोनशे तेवीस, आणि बारा चाळीसला दोनशे चोवीस, चाळीस पेट्या, गाडीचा नंबर.

“ही गाडी नेहमीची?”

“नाही. भाड्याची होती, कोपऱ्यावरच्या टेम्पो स्टँडवरची. पण कागद होता, पेट्या मोजल्या, बरोबर चाळीस. शिक्का मारला.” हवालदारानं छाती पुढे काढली. “मी कागद बघतो बाई, तोंड बघत नाही.”

“उत्तम सवय,” बाई म्हणाल्या. “आज त्याच सवयीनं एक माणूस वाचणार आहे.”

हवालदाराला काही कळलं नाही. मास्तरांनाही नाही, पण त्यांनी कळल्यासारखी मान हलवली.

दुपारी गेटसमोरच्या टपरीवर बाईंनी फोन काढला. करखात्याच्या साइटवर कोणाचाही जीएसटी नंबर टाकला की तो कोणत्या धंद्याचा ते दिसतं. रद्द बिलावरचा चुकीचा नंबर त्यांनी टाकला आणि फोन मास्तरांपुढे धरला.

मास्तरांनी वाचलं. नंबर खराच होता, पण भलत्याच दुकानाचा. खाली धंदा लिहिला होता: पाळीव जीव, त्यांचं खाद्य व साहित्य.

“झालं की मग,” मास्तर ग्लास आपटून म्हणाले. “मेहुणे. पँटीवर केस, टेबलावर पट्टा. कुत्र्याच्या खाऊचं बिल खिशात होतं, त्याच्यावरचा नंबर चिठ्ठीवर लिहिला. ऑर्डरही त्यांचीच, किल्लीही नेली होती. चल, सांगून मोकळं होऊ.”

“कशासाठी लिहिला चुकीचा नंबर?”

मास्तर थांबले. “ते तू सांग.”

“अहो, निम्मं बरोबर सांगितलंत, तेवढ्यावर आज भागवा. तुमची वही बघू.”

त्यांनी वही दिली. बाईंनी एकेक पान सावकाश उलटलं: अण्णांचे गुडघ्यावरचे हात, ताईंचं टेबल, मेहुण्यांचा पट्टा, हवालदाराच्या मिशा. शेवटच्या चित्रावर त्या बराच वेळ थांबल्या.

“छान काढलंय,” त्या म्हणाल्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य मास्तरांनी फार तर पाचदा ऐकलं असेल. “आता एक काम करा. टेम्पो स्टँडवर जा. हा गाडीचा नंबर. त्या ड्रायव्हरला साडेचारपर्यंत घेऊन या. आणि वाटेत त्याला काही विचारू नका. एक अक्षरही.”

मास्तरांनी शब्द पाळला. कसा पाळला ते त्यांचं त्यांना ठाऊक. ड्रायव्हर भला माणूस होता, आणि दोघं येईपर्यंत गुडघेदुखीवर बोलत राहिले.

साडेचारला ताईंच्या खोलीत सगळे जमले. मालक उभेच होते, हातात तो सहीचा कागद. मेहुणे घड्याळ बघत होते. मुकादम भिंतीला टेकून, चेहऱ्यावर सहानुभूती. अण्णांना मुलीनं खुर्चीत बसवलं होतं. मास्तरांनी ड्रायव्हरला दाराबाहेर बाकावर बसवलं आणि आत येऊन उभे राहिले.

“मालक,” बाई म्हणाल्या, “सकाळी तुम्ही म्हणालात, एक बिल शिक्क्याशिवाय दाखवा. मला तसं सापडलं नाही. मला शिक्का असलेलं एक बिल सापडलं, ज्यावर तो असायलाच नको होता.”

त्यांनी फाइल उघडून टेबलावर ठेवली.

“दोनशे एकोणीसवर चाळीस पंप मंगळवारी गेले. स्टोअरमध्ये लिहिले, गेटवर शिक्का पडला, गिऱ्हाइकाला पोचले. बुधवारी फोन आला तेव्हा माल त्यांच्या दुकानात होता. मग दोनशे चोवीस निघालं. ताई, तुम्ही काय म्हणालात त्याला?”

“नुसता बदललेला कागद,” ताई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचा रंग उडाला.

“नुसता कागद. त्याला कुरिअरच्या पाकिटात जायचं होतं. त्याच्याबरोबर न्यायला माल नव्हताच. मग बारा चाळीसला तो चाळीस पेट्या घेऊन गेटवर काय करत होता?”

मालकांनी फाइल ओढून घेतली, आणि तो शिक्का आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्यासारखा बघत राहिले.

“त्याच कागदावर दुसरे चाळीस पंप गेले,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सगळ्यांनी तपासलं, पण जोडीजोडीनं. बिल आणि गेट ताडलं, दोन्हीकडे चोवीस, ठीक. बिल आणि स्टोअर ताडलं, स्टोअरला चोवीस नाही, पण तो तर नुसता कागद, तेही ठीक. गेट आणि स्टोअर समोरासमोर ठेवून कोणी बघितलंच नाही. तुमच्याकडे शिक्का दिसला की डोकं शांत होतं. चोरानं नेमकं त्याच्यावरच काम केलं.”

“पण चोर कोण?” मेहुण्यांनी विचारलं. त्यांचं घड्याळाकडे आता लक्ष नव्हतं.

“सांगते. चुकीचा नंबर ही चूक नव्हती. एखादा आकडा चुकला असता तर कॉम्प्युटर लाल झाला असता. हा नंबर खरा होता, दुसऱ्याच दुकानाचा. कोणीतरी तो मुद्दाम चिठ्ठीवर घातला, म्हणजे गिऱ्हाईक ओरडेल आणि त्याच मालाचं दुसरं बिल निघेल. त्यासाठी नवीन गिऱ्हाईक हवं होतं, आणि अण्णा नसतील असा दिवस हवा होता. रजा सोमवारपासून सगळ्यांना माहीत होती.”

“चिठ्ठी तर मेहुण्यांची,” मालक हळूच म्हणाले.

“मास्तरही हेच म्हणाले. पण मेहुणे सव्वादहाला गेले ते चारला आले. नवीन बिल साडेअकराला निघालं आणि बारा चाळीसला गेटबाहेर पडलं. तेव्हा ते इथे नव्हते. राहिल्या ताई.”

ताईंनी हनुवटी वर केली.

“ताई नव्हेत. चोरानं शिक्क्याची पिवळी प्रत इमानदारीनं फाइलला परत पाठवली. का? कारण एक जरी पिवळा कागद कमी आला तर ताई सोडत नाहीत, ही धास्ती त्याला होती. ताईच चोर असत्या तर त्यांना स्वतःची धास्ती कशाला वाटली असती? तो कागद दाबून टाकणं त्यांच्याच हातात होतं. ज्याला ताईंची भीती वाटते, ज्याच्या टेबलावरून चिठ्ठी जाते, ज्याच्याकडे एक वाजेपर्यंत किल्ली होती, असा एकच माणूस उरतो.”

सगळ्यांनी मुकादमाकडे पाहिलं. तो अजून हसत होता.

“बाई, माझ्याकडून गफलत झाली असेल,” तो म्हणाला. “ट्रेमध्ये बिल दिसलं, मला वाटलं नवीन ऑर्डर. मी माल भरला. रोजची घाई. याला चोरी म्हणता?”

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. हे म्हणणं अगदी खरं वाटण्यासारखं होतं.

“मी वाटच बघत होते तुम्ही हे म्हणायची,” बाई म्हणाल्या. “चुकून भरला असता, तर अण्णांच्या चिठ्ठीवर तीन बिलं आली असती. तुम्ही दोनच लिहिलीत, आणि दुपारी मला पुन्हा दोनच सांगितलीत. आणि चुकून भरला असता, तर माल बिलावरच्या पत्त्यावर गेला असता. त्या गिऱ्हाइकाकडे आज ऐंशी पंप असते. मघाशी फोन केला मी, त्यांच्याकडे चाळीसच आलेत. मास्तर, त्यांना बोलवा.”

ड्रायव्हर आत आला. बाईंनी आता पहिल्यांदा त्याला विचारलं, की त्या बुधवारी माल कुठे उतरवला.

“यांनीच दाखवलं तिथं,” तो मुकादमाकडे बोट करून सहज म्हणाला. “गिऱ्हाइकाचं दुसरं गोडाऊन म्हणाले. मी नाक्यावर थांबलो होतो, एकनंतर जेवणाच्या सुट्टीत हे आले आणि माझ्या शेजारी बसूनच तिथवर आले. काही भानगड झाली का?”

मुकादमाचं हसू तेव्हा गेलं.

“राहिला तो नंबर,” बाई म्हणाल्या. “पाळीव जीवांच्या दुकानाचा. खरा नंबर हवा होता आणि हाताशी एकच बिल होतं. मास्तरांना कुत्रा दिसला. पण त्यांच्या वहीत शेवटच्या पानावर मासा आहे. मुकादम, तो खाऊ कुठल्या दुकानातून आणता? बिल ड्रॉवरमध्येच असेल. ताईंच्या हाताखाली काम करणारी माणसं बिल टाकून देत नाहीत.”

ताई उठल्या, शेडमध्ये गेल्या आणि दोन मिनिटांत एक चुरगळलेलं बिल घेऊन आल्या. रद्द बिलाशेजारी ठेवून त्यांनी नंबरावर बोट फिरवलं. एकेक आकडा जुळला. मुकादम मटकन खुर्चीत बसला.

“अण्णा जाणारच होते,” तो खाली बघत म्हणाला. “मला वाटलं, मालक त्यांच्यावर दया दाखवतील. विषय मिटेल.”

हे ऐकून मात्र मास्तरांचं डोकं फिरलं. अख्ख्या आयुष्याची अब्रू घालवायची आणि वर दयेची सोय लावून ठेवायची. त्यांनी तोंड उघडलं होतं, पण बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

मालकांनी सहीचा कागद चार तुकडे होईपर्यंत फाडला. मग हवालदाराला बोलावून मुकादमाला बाहेर नेलं, पोलिसांना फोन केला आणि परत येऊन अण्णांसमोर उभे राहिले.

“अण्णा, माझं चुकलं. माफ करा. शनिवारी जाऊ नका. अजून वर्षभर तरी थांबा.”

अण्णांनी टेबलावरचं आपलं रजिस्टर जवळ ओढलं, त्या बुधवारचं पान काढलं, आणि मुलीपुढे नुसता हात पसरला. तिला आधी समजलं नाही. मग तिनं पर्समधून डबी काढली. अण्णांनी नवा चष्मा घातला, दांडी दोन्ही कानांवर नीट बसवली, आणि दोनशे तेवीसच्या खाली एक ओळ लिहिली: दोनशे चोवीस, पंप चाळीस, माझ्या गैरहजेरीत. खाली सही केली, आजची तारीख घातली.

“आता मोजा,” ते मालकांना म्हणाले. “जुळेल. जुळलं की मी शनिवारी ठरल्याप्रमाणे जाणार. किल्ली ताईंकडे द्या, पिवळ्या कागदाला त्या घाबरत नाहीत.”

मुलगी रडत होती. अण्णांनी चष्म्यातून तिच्याकडे नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी.

“किती वाळलीस गं,” ते म्हणाले. “चल, घरी जाऊ. वाटेत तुझ्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे थांबू. त्यांना सांगायचंय, चष्मा चांगला झालाय.”

ती दोघं गेटपाशी पोचली तेव्हा हवालदारानं रजिस्टर उघडून अण्णांपुढे पेन धरलं. अण्णांनी बाहेर जायची वेळ लिहिली आणि सही केली. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती.